पाच गेले, चार आले, सिनेमानं पाचवाही आणला

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) ज्या पुस्तकावर बेतलाय, त्याच्या नावातच गोष्टीचा शेवट आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचं 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. म्हणजे, एक जण परत आलाच नाही. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. चौघे परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

आम्ही सोलापूरकर त्यांच्याबद्दल अभिमानानं बोलतो. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. सिनेमा मात्र आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलाय. मी तो अलीकडे फोनवर पाहिला आणि शेवटापाशी अडकलो.

शेवट असा: मरणाच्या दारात असलेला कोटणीस बायकोला आपल्या घराबद्दल सांगतोय, आणि पडद्यावर ती, चिंग लान, तान्ह्या बाळाला घेऊन त्या घरी पोचते. माणूस गेला, पण त्याचा आवाज तिला वाट दाखवतोय. सिनेमा म्हणून हे जबरदस्त आहे. स्वतः शांताराम कोटणीस आणि जयश्री चिंग लान. जयश्रींना चिनी दाखवायचा मेकअप आज खटकतो, तरी या जागी घसा दाटून येतो.

पण हे कुणाच्या समाधानासाठी? खऱ्या आयुष्यात क्वो छिंगलान सोलापूरला राहायला आल्या नाहीत. त्या परिचारिका होत्या, चीन त्यांचा देश होता, त्या तिथंच राहिल्या. भारतात अनेकदा येऊन गेल्या, सासरच्यांशी नातं जपलं आणि २०१२ मध्ये चीनमध्येच वारल्या. मुलाचं नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. तो १९६७ मध्ये, ऐन तारुण्यात गेला. सिनेमा बनला तेव्हा यातलं बरंच घडायचं होतं, त्यामुळे तो खोटा ठरत नाही. पण त्याला काय सहन होत नव्हतं ते कळतं. गेलेला माणूस परत आला नाही, एवढ्यावर त्याला थांबवत नव्हतं. मुलगा नाही तर सून, सून नाही तर नातू, कुणीतरी उंबरठा ओलांडून आत यायलाच हवं होतं.

कोटणीसांची स्वतःची निवड याच्या उलट होती. चीनमध्ये असताना वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. डॉ. बेथ्यून यांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली, चिनी शिकले, तिथंच लग्न केलं. हा माणूस परदेशात अडकला नव्हता, रुजला होता. सिनेमा त्याच्या कामाला सलाम करतो, पण शेवटी त्याचं रुजणं त्याच्याकडून काढून घेतो आणि त्याला आपल्या अंगणात आणून ठेवतो.

हीच खोड पुढेही दिसते. 'स्वदेस' (२००४) घ्या. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेला. नासातला मोहन गावी परततो, आणि सिनेमा संपतो. परतण्याची ओढ आपल्या सिनेमाला छान दाखवता येते. परतल्यानंतरचा मंगळवार कुणी दाखवत नाही. माझा मामा अठ्ठावीस वर्षं अमेरिकेत राहून सोलापुरात स्थायिक झाला. स्टेशनवर हार घालून झाले, आणि मग काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याचं वेळापत्रक पाठ करणं सुरू झालं. दोन वर्षं लोक त्याला विचारत होते, "परत कधी जाणार?" तो म्हणतो, "तिकडं लोक विचारायचे कुठून आलास, इकडं विचारतात कधी जाणार. राहतोस का, हे कुणीच विचारत नाही."

हा प्रश्न सोलापूरला तरी समजायला हवा. हे शहर न परतलेल्यांनीच उभं केलंय. पूर्व भागात हातमाग आणि यंत्रमाग चालवणारी पद्मशाली घरं तेलंगणातून आली आणि इथलीच झाली. त्यांच्या घरात आजही तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी-कन्नड. सोलापुरी चादर म्हणून आपण जगाला जे दाखवतो, त्यात त्यांचे हात आहेत. ही माणसं आपल्या मूळ गावी परतली नाहीत म्हणून त्यांना कुणी अर्धवट म्हणत नाही. मग बाहेर गेलेल्या आपल्या पोरांनाच का म्हणायचं?

तुमच्यातले बरेच जण पुण्याला, हैदराबादला, जर्मनीला जाणार आहात किंवा गेलाही असाल. घरचा फोन आला की 'येणार ना परत?' हे ठरलेलं. हा सिनेमा जरूर पाहा, वसंत देसाईंच्या संगीतासाठीही पाहा. फक्त शेवटी एक लक्षात ठेवा: दारात पोचलेली ती बाई थकलेली आहे, अनोळखी देशात आहे, तिच्या कडेवर बाळ आहे. कॅमेरा ती पोचल्याचं समाधान टिपतो आणि थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाशी कुठल्या भाषेत बोलली असती, हा सिनेमा अजून कुणीतरी काढायचा आहे.