‘स्मृतिचित्रे’ आणि धर्मांतरिताचा विवाह
१८६६ च्या कायद्यान्वये, धर्मांतरामुळे पतीने वा पत्नीने सहा महिने सहवास टाकल्यास ख्रिस्ती झालेल्यास न्यायालयात जाता येई. तेथे आणखी एक वर्षाच्या मुदतीनंतर विवाह मोडता येई. रे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४-३६) ऐतिहासिक मोल आमच्या मते या मधल्या पाच वर्षांत आहे. कायदा होकार वा नकार जाणतो. पतीजवळ परतूनही सोवळे न सोडणारी पत्नी त्याच्या चौकटीत बसत नाही. मात्र हे लेखन टिळकांच्या पश्चात झालेले. विनोदाने जुने दुःख सौम्य झाले असावे, हे विसरू नये. चांद्याच्या स्कॉटिश मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यानेही बाप्तिस्म्याच्या नोंदीमागे असे अर्धे राहिलेले घर शोधावे.