दारू सोडलेल्या माणसाची झोप

दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) गोदीत राबणारा, दारूत बुडालेला बाप वाचताना मला वरठीचे माझे काका आठवतात. भंडारा रोड स्टेशनच्या आसपास गाडीखाली कुणी आला की प्रेत गोळा करायला काकांना हाक येई. गावात माणसे पुष्कळ होती. हाक मात्र आमच्याच वस्तीला. काका ते काम पिऊन करीत आणि नंतर झोपेसाठी पीत.

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा काकांनी अनेकदा मनापासून घेतली. चार दिवस जात. मग ती प्रेते स्वप्नात येत, काका ओरडत उठत आणि पहाटे पुन्हा बाटली. ‘निर्धार नाही,’ असे वस्ती म्हणे. मीही म्हणत होतो.

आज मानसशास्त्र सांगते की दारू आधी गुंगी आणते, भीती दाबते; ती सुटली की दबलेली स्वप्ने जोराने परततात. म्हणून दारूविना गेलेले नुसते दिवस मोजून भागत नाही. जखम आणि व्यसन, दोहोंवर एकत्रच उपचार हवा.

पण या ज्ञानालाही माझा एक प्रश्न आहे. ‘आघातोत्तर ताण’ हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली मान्य केले. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. सैनिक रणांगण सोडून घरी येतो. काकांचे रणांगण घराशेजारीच होते आणि हाक पुन्हा येणारच होती. आघात संपलाच नाही, तर हे ‘उत्तर’ कशाचे?

आपली समीक्षा अशा बापाच्या दारूला दुर्गुण तरी म्हणते, नाहीतर वास्तवाचा तपशील तरी. त्याला रात्री काय दिसते, हे ती विचारीत नाही. विचारणे म्हणजे माफी देणे नव्हे. काकूच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने (१९८६) घरातल्या अशा मारहाणीची साक्ष दिली आहे. काकूच्या झोपेचाही हिशेब मांडावा लागेल.

बाबासाहेबांनी दारू सोडायला सांगितली, तशी मेलेली ढोरे ओढायची कामेही सोडायला सांगितली. या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्या. पहिली काकांच्या एकट्याच्या निर्धारावर टाकली आणि दुसरीसाठी त्यांच्या पाठीशी कुणी उभे राहिलो नाही. त्या हाकेला ‘येत नाही’ म्हणणे काकांना शेवटपर्यंत जमले नाही.