मौन आणि उत्तर : ‘अल्सेस्टिस’ ते ‘द सायलेंट पेशंट’

वनपर्वातील सावित्री यमाशी संवाद करून पतीला परत मिळवते. युरिपिडीजच्या ‘अल्सेस्टिस’मधील (इ. स. पू. ४३८) नायिका पतीऐवजी स्वतः मरण पत्करते, हेराक्लीज तिला परत आणतो, पण ती बोलत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंतच्या या मौनाला विधीचे कारण दिलेले आहे. आपले मरण स्वीकारणाऱ्या पतीविषयी तिला काय वाटते, हा प्रश्न मात्र संहिता खुला ठेवते.

अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांची ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९) ही कादंबरी याच रिक्त जागेतून उभी राहते. पतीच्या हत्येनंतर मूक झालेली चित्रकार अलिशिया आपल्या आत्मचित्राला ‘अल्सेस्टिस’ हे नाव देते. पतीने स्वतःच्या जिवासाठी तिचे मरण निवडले होते, हे उघड होताच आदिबंधाला मानसशास्त्रीय अर्थ लाभतो. परंतु रहस्यकथेचा आकृतिबंध उत्तर मागतो. तिला बोलते करू पाहणारा निवेदक, तिचा मानसोपचारतज्ज्ञच, त्या निवडीचा सूत्रधार निघतो. ही कलाटणी चतुर आहे. मात्र तिच्यामुळे लक्ष अलिशियाच्या वेदनेवरून निवेदकाच्या लबाडीकडे सरकते. युरिपिडीज प्रेक्षकाला मौनासमोर उभे करतो. कादंबरी गुन्हेगार दाखवून वाचकाला मोकळे करते.