सात लाख तंतूंचे गणित

कपडे धुताना प्लास्टिकचे तंतू सुटतात हे सांगताना 'एका धुलाईत सात लाख तंतू' हा आकडा हमखास दिला जातो. तो इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर व रिचर्ड थॉम्पसन यांच्या २०१६ सालच्या निबंधातला आहे. वर्गात हा आकडा सांगण्यापूर्वी तो कसा निघाला, ते पाहू.

संशोधकांनी अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर आणि पॉलिएस्टर-सूत मिश्रण (आपले टेरिकॉट) यांचे छोटे तुकडे यंत्रात धुतले. सांडपाणी २५ मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळून अडकलेले तंतू तोलले. तंतू एकेक करून मोजलेले नाहीत. वजन, सरासरी लांबी, जाडी व घनता यांवरून संख्या काढली आणि मग ६ किलो कपड्यांचा हिशेब मांडला. पोत्यातले तांदळाचे दाणे आपणही असेच काढू. पद्धत योग्यच आहे. पण सूत्रात जाडीचा वर्ग येतो. जाडीत १० टक्के चूक झाली, तर संख्या सुमारे २० टक्क्यांनी बदलते. तेव्हा अ‍ॅक्रिलिकसाठी ७,२८,७८९ असा नेमका आकडा छापणे आम्हांला पटत नाही. तेवढी अचूकता प्रयोगात नाही.

निबंधाचे खरे मोल तुलनेत आहे. पॉलिएस्टरमधून सुमारे ५ लाख, तर टेरिकॉटमधून सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटले. सात लाखांचे सहा लाख झाले, तरी हा क्रम बदलत नाही. म्हणजे कापडाची निवड महत्त्वाची. साबण बदलून काय होते, याचा मात्र एकसारखा नियम मिळाला नाही.

याच विद्यापीठात २०२० साली तंतू अडवणारी सहा साधने तपासली गेली. सर्वांत चांगल्या साधनानेही सुमारे ७८ टक्केच तंतू अडवले. शिवाय अडकलेला गाळ मोरीत धुतला, तर सारे श्रम वाया! तो सुक्या कचऱ्यातच टाकायला हवा.

आपल्याकडे अनेक घरांत कपडे हातानेच धुतात. हाताची धुलाई या प्रयोगात नव्हती. त्यामुळे तो आकडा आपल्या मोरीला जसाच्या तसा लावता येणार नाही. फुगवून सांगितलेला आकडा उद्या खोडला गेला, तर विद्यार्थी मूळ प्रश्नही खोटा मानतील. म्हणून आकडा पाठ करून घेण्याऐवजी त्यामागचे गणित फळ्यावर मांडावे, असे आम्ही सुचवतो.