‘जोडणारे दुवे’ : पाठ्यपुस्तकातील एका संज्ञेची चिकित्सा

महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान-पुस्तकाच्या दुसऱ्या भागात (२०१८) ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आरंभीच येते. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. देवळीसारख्या गावी ज्याचे विज्ञानशिक्षण दहावीशी थांबते, त्याला या विषयाचे दर्शन घडते ते बहुधा या मराठी प्रकरणातूनच. तेव्हा त्यातील संज्ञा पारखून घेणे हे भाषाभ्यासकाचेही काम ठरते.

अवशेषांगे, जीवाश्म, भ्रूण इत्यादी पुराव्यांची तेथील मांडणी स्वच्छ आहे. आक्षेप आहे तो ‘जोडणारे दुवे’ या संज्ञेवर. प्लॅटिपस अंडी घालतो व पिलांना दूधही पाजतो. सबब तो सरीसृप व सस्तन यांना जोडणारा दुवा, असा हा युक्तिवाद. वस्तुतः आज हयात असलेला प्राणी दुसऱ्या हयात प्राण्याचा पूर्वज कसा असेल? कोंकणीने काही जुनी रूपे जपली, म्हणून ती प्राकृत व मराठी यांमधील पायरी होय असे आपण म्हणत नाही. तिला भगिनीभाषा म्हणतो. जुने जपणे निराळे, पूर्वज असणे निराळे. प्लॅटिपसची अंडी हा वारसा आहे. चोच मात्र त्याच्या शाखेची स्वतंत्र कमाई. (‘उत्क्रांती’तील ‘उत्’ हा उपसर्गही वाचकाला उगाच शिडीवर चढवतो. ब्रह्मसूत्रांत तर हा शब्द जीवाने देह सोडून जाण्याविषयी आहे. पण तो आता रूढ झाला.)

नाते सिद्ध होते कशाने? महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे पाठचिकित्सा आपल्या परिचयाची आहे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला तर त्यावरून फारसे ठरत नाही. एकच विचित्र चूक दोहोंत आढळली, तर मूळ प्रत एक असल्याचा संशय बळावतो. क-जीवनसत्त्व घडवण्यास लागणारा एक जनुक मनुष्यात निकामी आहे. चिंपांझीतही आहे, आणि बिघाडाच्या अनेक खुणा दोहोंत सारख्या आहेत. गिनीपिगमध्येही तो निकामीच, परंतु तेथील मोडतोड वेगळी, स्वतंत्रपणे झालेली. लेखनिकांच्या चुकांचा वंशवृक्ष मांडणाऱ्यास यापरता बोलका पुरावा दुसरा कोणता हवा?

जीवाश्मांसाठीही दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसॉरच्या काळातील अश्मीभूत विष्ठा सापडते. तीत गवतांचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत भाताच्या कुळाशी जवळीक असलेली गवतेही होती. गवतांच्या शाखा डायनोसॉरांच्या अस्तानंतर फुटल्या, हा तोवरचा समज त्यामुळे बदलावा लागला; गवतांच्या वंशवृक्षाची कालगणना मागे सरकली.

पुढील आवृत्तीत हा वैदर्भीय दाखला यावा, आणि हयात प्राण्यांसाठी ‘दुवा’ काढून ‘भगिनीशाखा’ हा शब्द योजावा.