जुन्या पाकलेखांतील मानें व त्यांचें परिवर्तन

सनदा व महजर यांच्या शोधांत जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकाच्या हातीं पुष्कळदां निराळीच वस्तु येते : पाककृतींचें एखादें टांचण, मुंजीच्या शिध्याची यादी, कोठीच्या खर्चाचा बंद. असले कागद पूर्वीं किरकोळ म्हणून बाजूस टाकीत. आतां ते छापण्याकडे कांहीं अभ्यासकांचें लक्ष वळलें आहे, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. परंतु ते छापतांना जी एक रीत रूढ होऊं पाहत आहे, तिची परीक्षा करणें अगत्याचें आहे. मूळ लेखांतील शेर, पायली, नवटांक हे शब्द काढून त्यांच्या जागीं किलोग्रॅम व ग्रॅम यांचे आंकडे घालावयाचे आणि मूळ शब्द टीपेंतहि ठेवावयाचा नाहीं, अशी ही रीत आहे.

प्रथम तिचा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. आजच्या वाचकास शेर ठाऊक नाहीं. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं व १९५८ च्या ऑक्टोबरपासून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्यानें सुरू झाला. त्यानंतर शाळेंत गेलेल्या पिढ्यांस नवटांक हा शब्द ऐकूनहि माहीत नसावा यांत नवल नाहीं. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम, त्याचा आठवा भाग नवटांक म्हणजे सुमारें ११७ ग्रॅम, सोळावा भाग छटाक म्हणजे सुमारें ५८ ग्रॅम, हें गणित सोपें आहे. मग संपादकानें तें वाचकाकरितां कां करून देऊं नये?

आमचें उत्तर असें कीं, गणित सोपें आहे, पण कोणता शेर हें ठरविणें सोपें नाहीं. दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, हें कोष्टक भांड्याचें आहे. छटाक, नवटांक, पावशेर हें कोष्टक तराजूचें आहे. शेर हा एकच शब्द दोन्ही कोष्टकांत नांदतो. धान्यापुढें लिहिलेला शेर बहुधा मापाचा असतो, गूळसाखरेपुढें लिहिलेला बहुधा तराजूचा. लेखक तें सांगत बसत नाहीं, कारण त्याच्या घरांत कोणालाहि तशी शंका येत नव्हती. त्यांतहि पक्का शेर वेगळा, कच्चा वेगळा, आणि कच्चा तर गांवोगांव निराळा. मण कोठें बारा पायल्यांचा, तर कोठें सोळा पायल्यांचा. इतकें सर्व असतां ९३३ हा आंकडा छापणें म्हणजे जें मूळ लेखांत नाहीं असें काटेकोरपण त्यास चिकटविणें होय.

याचा परिणाम केवळ पांडित्यापुरता राहत नाहीं, तो चुलीपर्यंत पोचतो. मोदकाच्या उकडीस जितकी पिठी तितकें पाणी, हें प्रमाण सर्वांच्या परिचयाचें आहे; तें भांड्याचें प्रमाण आहे. एखाद्या टांचणांत ‘पिठी शेर, पाणी शेर’ असें असलें आणि संपादकानें दोहोंपुढें ९३३ ग्रॅम छापले, तर काय होईल? पिठी पाण्याहून पुष्कळ हलकी असल्यामुळें तितक्या वजनाची पिठी त्या मापांत मावणारच नाहीं, ती बरीच अधिक भरेल. पाणी मात्र तेवढेंच राहील. उकड कोरडी होऊन मोदक फुटतील, आणि दोष त्या जुन्या घरच्या हाताला लागेल.

भांड्याच्या मापांत आणखी एक गोष्ट असते, ती कोष्टकांत कधींच येत नाहीं. ती म्हणजे शीग. माप तोंडाशीं सपाट करून घेतलें कीं वर शीग ठेवून घेतलें, यानें किती अंतर पडतें हें भूमितीनें सांगतां येतें. माप गोल असून त्याची उंची व्यासाइतकी असेल आणि शिगेचा उतार ३० अंशांचा धरला, तर शीग मापाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकी भरते. तेंच माप पसरट असून उंची व्यासाच्या निम्मी असेल, तर ती जवळजवळ पांचव्या हिश्श्याइतकी होते. म्हणजे मापाच्या नुसत्या नांवावरून धान्य कळत नाहीं. भांड्याचें तोंड किती रुंद होतें व मोजणाराची रीत कोणती होती, हेंहि कळावें लागतें.

कोणी म्हणेल, लौकिक मानें अशीं शिथिल असतील, पण शास्त्रग्रंथांतील मानें तरी निश्चित आहेत. तेंहि तपासून पाहूं. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (११५०) एक हात लांब, रुंद व उंच अशा पात्रास मागध खारी म्हटलें आहे. तिचा सोळावा भाग द्रोण, त्याचा चतुर्थांश आढक, त्याचा चतुर्थांश प्रस्थ व त्याचा चतुर्थांश कुडव. हात २४ अंगुलांचा असल्यामुळें खारी १३,८२४ घनांगुलांची व कुडव साडेतेरा घनांगुलांचा होतो. उलट शार्ङ्गधरसंहितेंत कुडवाचें भांडें चार अंगुलें रुंद व तितकेंच उंच सांगितलें आहे. तें चौकोनी धरल्यास ६४ घनांगुलें, वाटोळें धरल्यास सुमारें ५० घनांगुलें होतात. दोन्ही ग्रंथ मागध मानाचें नांव घेतात, दोघांचाहि कुडव प्रस्थाचा चतुर्थांश आहे, आणि तरीहि अंगुल सारखें धरल्यास एक कुडव दुसऱ्याच्या चौपटीच्या आसपास जातो. शिवाय शार्ङ्गधराच्या मतें कुडवापर्यंत कोरडें व पातळ यांचें मान सारखें, परंतु प्रस्थापासून पुढें पातळ व ओल्या द्रव्यांचें दुप्पट घ्यावयाचें. ‘तूप एक प्रस्थ’ व ‘तांदूळ एक प्रस्थ’ यांचें एकाच आंकड्यानें परिवर्तन करणारा यांपैकीं एक निश्चितपणें चुकवितो.

हा कुडव आमच्या भंडारा जिल्ह्यांत परका नाहीं. वैनगंगेच्या कांठीं धान मोजतांना कुडव, बोलण्यांत कुडो, हाच शब्द चालत आला आहे. वीस कुडवांची खंडी. मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यांतहि, कुडव वीसांचीच खंडी. आमच्या पूर्वेस छत्तीसगडांत खंडी वीसांचीच, पण तेथें कुडवाच्या जागीं काठा बसला आहे. परंतु नांव टिकलें म्हणून मान टिकलें असें नव्हे. शास्त्रांतला कुडव वैद्याच्या हातांत मावतो. आमच्या कुडवांत कित्येक पायल्या धान बसतें. कोशांत ‘प्रस्थाचा चतुर्थांश’ असा अर्थ पाहून जो येथील कागदांतले ‘पांच कुडव’ वाचील, तो भरलेलें कोठार ओंजळींत आणील. नुसता ‘भंडारा’ हा शिक्काहि येथें पुरत नाहीं. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला. त्यापूर्वींचा भंडाऱ्याचा म्हणून नोंदलेला कागद छत्तीसगडच्या सीमेवरील गांवचाहि असूं शकतो. त्यांत कुडव आहे कीं काठा आहे, हाच त्याच्या गांवाचा एक पुरावा. तो शब्द काढून किलोग्रॅम घातल्यास पुरावाच नाहींसा होतो.

नवें मान घालण्याची इच्छा कांहीं आजची नव्हे. लीलावतीच्या कांहीं पोथ्यांत आलमगीरशाहानें ठरविलेल्या शेर व मण यांचा श्लोक सांपडतो. ग्रंथ ११५० चा, औरंगजेबाची कारकीर्द १६५८ ते १७०७ ची. तेव्हां तो श्लोक प्रक्षिप्त आहे हें सांगावयास नको. परंतु त्या प्रक्षेपकाचा एक गुण घेण्यासारखा आहे. त्यानें आपल्या काळच्या विद्यार्थ्याची सोय केली, पण भास्कराचार्यांची खारी व द्रोण यांस हात लावला नाहीं. नवें मान त्यानें जुन्याच्या जोडीस बसविलें, जुन्याच्या जागीं नव्हे. त्यामुळें आज आपण दोन्ही वाचूं शकतों आणि श्लोकाचा काळहि ठरवूं शकतों. आजचा संपादक मूळ शब्द पुसून टाकतो, तेव्हां तो या अनामिक प्रक्षेपकाहूनहि मागें पडतो.

मग वाचकाची सोय कशी करावी? याचा मार्ग जुन्या पाकशास्त्रानेंच दाखविला आहे. शार्ङ्गधर विलेपीस तांदळाच्या चौपट पाणी सांगतो, यवागूस सहापट, मंडास चौदापट. येथें मागध कीं कालिंग हा प्रश्नच उद्भवत नाहीं. भांडें कोणतेंहि घ्या, प्रमाण अढळ राहतें. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें (१९७०) घरोघर वाटीचें माप रुळविलें, त्याचेंहि बळ हेंच आहे. एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीसारखी नसते, पण एका पाककृतींत वाटी बदलली नाहीं म्हणजे झालें.

तेव्हां संपादकांस आमची सूचना अशी. मूळ शब्द मूळ जागीं, मूळ लेखनासह ठेवावा. टीपेंत प्रथम द्रव्यांचें परस्परप्रमाण द्यावें. त्याखालीं आजचें मान द्यावें, पण तो शेर तराजूचा धरला कीं मापाचा, कच्चा कीं पक्का, आणि कशावरून, हें लिहावें. जेथें निर्णय होत नाहीं तेथें आंकडा देऊं नये.

संग्राहकांस एक निराळी विनंति आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध. येथील जुन्या घरांतून पितळी व लाकडी मापें अद्याप दृष्टीस पडतात. व्यवहारांतून तीं गेलीं, म्हणून त्यांतील पितळ वजनावर विकलें जातें. मोडींतला कागद आपण जपून ठेवतों आणि तो ज्याच्या आधारें वाचावयाचा तें माप मोडींत जातें. ज्या घरचा कागद मिळेल त्या घरचें माप आहे का, हें त्याच भेटींत विचारावें. असल्यास त्याची उंची व तोंडाची रुंदी आंतल्या बाजूनें मोजावी. भांडें न गळणारें असेल, तर कांठोकांठ पाणी भरून त्या पाण्याचें वजन करावें. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. लाकडी मापांत पाणी न घालतां बारीक धान्य सपाट भरावें व तें खुणेच्या भांड्यांत ओतून पाहावें. घरांतील वृद्ध स्त्रियांस तें शीग ठेवून भरीत कीं सपाट, आणि कोणत्या धान्यास, हें विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें. ही नोंद कागदाच्याच वेष्टनांत ठेवावी. माप विकलें गेलें तरी त्या नोंदीवरून पुढचा अभ्यासक तो शेर पुन्हां भरूं शकेल.