एका शब्दाचे निदान

‘स्किझोफ्रेनिया’ ह्या शब्दास मराठीत ‘छिन्नमनस्कता’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. भाषांतर ह्या दृष्टीने तो निर्दोष आहे; किंबहुना तोच त्याचा दोष होय. स्विस मानसवैद्य ब्लॉयलर ह्यांनी १९०८ साली मूळ नावात जो दुभंग घातला, तो आम्ही संस्कृताच्या साहाय्याने अधिकच भेसूर केला. ‘छिन्न’ म्हटले की मराठी कानास पाठोपाठ ‘विच्छिन्न’ ऐकू येते.

जपानातील जुन्या नावाचा अर्थही असाच होता, व ते रुग्णासमोर उच्चारण्यास खुद्द वैद्यच कचरत. २००२ साली तेथील मानसवैद्यांच्या संस्थेने नाव पालटले, आणि रुग्णास निदान स्पष्ट सांगणाऱ्या वैद्यांचे प्रमाण वाढले. म्हणजे लाज केवळ समाजाची नव्हती. ती औषध देणाऱ्याचीही होती.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरचे लोक घरचे दुखणाईत माणूस घेऊन येतात. ह्यास अंधश्रद्धा म्हणून हात झटकणे सुशिक्षितांस सोपे आहे. उपचारास होणारा विलंब आम्ही क्षुल्लक मानीत नाही. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण आगीत मेले, तेही आम्हांस ठाऊक आहे. तथापि ‘ह्याला बाधा झाली आहे’ ह्या वाक्याचे व्याकरण पाहावे. त्यात माणूस चतुर्थीत आहे. बाधा बाहेरून आली आहे, व जाऊही शकेल. ‘हा छिन्नमनस्क आहे’ असे वैद्य म्हणतो, तेव्हा माणूस प्रथमेत येऊन रोगाशी एकरूप होतो, आणि घरी परत न्यावयास कोणी उरतच नाही. दर्ग्याची वाट धरणाऱ्या आईला हा भेद व्याकरणावाचून कळतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीस मनाई केली हे योग्यच झाले. परंतु रुग्णाचे सक्तीने मुंडन करू नये, त्यास हवे तर स्वतःचे कपडे घालू द्यावेत, हेही त्यात लिहावे लागले! असे कलम रस्त्यावरील टवाळांकरिता लिहिलेले नसते.

‘स्किझोफ्रेनिया झालेला’ हा प्रयोग लांबलचक आहे, अशी तक्रार होईल. ‘क्षय झालेला’ म्हणताना आमची जीभ कधी थकली नाही.